प्रदूषणाला धक्का न लावता जनजागृती कशी करावी

५ जूनचा जागतिक पर्यावरण दिन जवळ आला की गृहनिर्माण संस्था, महाविद्यालये आणि नगरसेवकांची संपर्क कार्यालये यांच्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो: यंदा काय करायचे? नवख्या कार्यकर्त्यांची धांदल होऊ नये, म्हणून हे मार्गदर्शन. सर्वप्रथम, उद्दिष्टाच्या रकान्यात ‘जनजागृती’ एवढेच लिहावे. ‘प्रदूषण कमी करणे’ असे चुकूनही लिहू नये. प्रदूषण कमी झाले की नाही हे मोजता येते. जागृतीला असले उपकरण नाही. ती उपस्थितीवरून ठरते आणि उपस्थिती वडा-चहाच्या वेळी उत्तम असते. मग फ्लेक्स. तो पीव्हीसीचा असल्याने कुजत नाही, तेव्हा जपून ठेवावा. २०१८ मध्ये जागतिक पर्यावरण दिनाचा यजमान भारत होता आणि विषय होता प्लास्टिक प्रदूषणावर मात. २०२३ मध्ये विषय पुन्हा प्लास्टिकचाच आणि २०२५ मध्येही तोच. ज्यांनी पहिला फ्लेक्स गुंडाळून माळ्यावर टाकला, त्यांना वर्षाच्या आकड्यावर कागद चिकटवला की पुरले. (मान्यवरांचे फोटो टिकतात, त्यांच्या मागचे पक्षचिन्ह मात्र तपासून घ्यावे.)

उपक्रम म्हणून नदीकाठच्या स्वच्छतेला तोड नाही. पांढऱ्या टोप्या घालाव्यात, हातमोजे चढवावेत आणि एक कोरा खराटा चौघांनी मिळून धरावा. वेफर्सची पाकिटे, चहाचे कप, निर्माल्याची गाठ मारलेली पिशवी असा माल फोटोत छान दिसतो. जवळच नाल्याचे तोंड असेल आणि त्यातून राखाडी, फेसाळ पाणी नदीत पडत असेल, तर त्याकडे पाठ करून उभे राहावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरले, त्यांतले ५५ महाराष्ट्रातले. इतके दुसऱ्या कुठल्याही राज्यात नाहीत. २०१८ मध्ये आपले ५३ होते, म्हणजे देशाची यादी ३५१ वरून खाली येत असताना आपण दोनांची भर घातली. हे पट्टे ठरतात ते पाण्यातल्या बीओडीवरून, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्यावरून. लिटरमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली की नाव यादीत जाते. हा आकडा वाढवते ते मुख्यतः शहरांचे प्रक्रिया न केलेले मैलापाणी. वेफर्सची पाकिटे ट्रकभर उचलली तरी त्या आकड्याला ओरखडाही उठत नाही, आणि याच कारणाने हा उपक्रम सर्वांना चालतो. मैलापाण्याला लागतात वाहिन्या, पंपिंग स्टेशन, प्रक्रिया केंद्र आणि ते केंद्र रोज चालवण्याचे वीजबिल. त्यासाठी कोणाला तरी नाव घेऊन जाब विचारावा लागतो. पाकीट टाकणारा मात्र बिननावाचा असतो. त्याला कितीही बोल लावले तरी तो प्रमुख पाहुणा म्हणून व्यासपीठावर बसलेला नसतो.

यावर एखादा भाबडा म्हणेल, आधी माणसे जागी तर व्हायला हवीत, बाकीचे मागून येईल. त्याला शांतपणे १९९१ साल सांगावे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी आदेश दिला की चित्रपटगृहांत पर्यावरणाचे संदेश दाखवावेत आणि पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा. अंमल रेंगाळला, पण झाला. त्या वर्षी पहिलीत असलेल्या मुलाने आता चाळिशी ओलांडली आहे. त्याच्या मागून आलेल्यांनी ‘जलप्रदूषण: कारणे व उपाय’ हा प्रकल्प एकमेकांच्या वहीतून उतरवून पूर्ण गुण मिळवले. ‘मागून येईल’ ते तीस वर्षांत आले असते, तर आज हा लेख लागलाच नसता. उलट पेट्रोलमधल्या शिशाचे पाहा. मुलांच्या मेंदूला घातक असलेले हे शिसे २००० सालापर्यंत देशभरातल्या पेट्रोलमधून काढून टाकले गेले. त्यासाठी शाळकरी पोरांना उन्हात उभे करून शपथ दिल्याचे ऐकिवात नाही. पंपावरचे पेट्रोलच बदलले. जागे नसलेल्यांच्या गाड्यांतूनही शिसे यायचे थांबले. आपल्या राज्यातली प्लास्टिकबंदी घ्या. २३ जून २०१८ पासून पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड सुरू झाला आणि वर्षानुवर्षे घोषवाक्यांना न बधलेल्या कापडी पिशव्या कपाटातून बाहेर आल्या. पुढे तपासणी सैल पडली, तशा पातळ पिशव्या भाजीच्या गाड्यांवर परत आल्या. लोक तेच होते आणि त्यांची जागृतीही तेवढीच होती. बदलला होता फक्त तपासनीस.

दुसरा आक्षेप जरा अवघड आहे, तेव्हा तयारी ठेवावी. कचरा वेगळा करणे हे घराघरांतच व्हायचे, तिथे समजावण्यावाचून गत्यंतर नाही, असे कोणी म्हणाले तर ते खरे आहे. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करण्याची जबाबदारी घरांवरच टाकली. पण हे समजायला दहा मिनिटे पुरतात. निष्ठेने दोन डबे ठेवणारी गृहिणी जेव्हा आपले दोन्ही डबे घंटागाडीच्या एकाच हौद्यात उपडे होताना पाहते, तेव्हा तिला आणखी जागे करण्यासारखे काही उरत नाही. तिथे जागृतीची गरज आहे ती गाडीचे कंत्राट लिहिणाऱ्याला, आणि त्याला आपण सहसा उद्घाटनाला बोलावलेले असते.

शेवटी एक धोक्याची सूचना. जागृतीच्या ओघात काही गोष्टी लोकांच्या कानावर जाण्याची भीती असते. १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला सांडपाणी सोडणाऱ्यांवर घातलेल्या अटींची नोंदवही ठेवावी लागते, आणि त्या सांडपाण्याची झळ पोचणाऱ्या कोणालाही ती पाहता येते. कायदा मोडला जात असेल, तर मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन साध्या नागरिकालाही न्यायालयात तक्रार करता येते. त्याला वकिलाची पदवी लागत नाही, टोपीही लागत नाही.