पंगतीकडे पाठ

मुळशी तालुक्यात जमिनीचा पैसा हातात आला की माणूस आधी गाडी घेतो, मग बंगला बांधतो, मग देवदर्शन उरकतो आणि चौथ्या पायरीवर युरोपला निघतो. हा क्रम कुठे लिहून ठेवलेला नाही, पण पौडपासून ताम्हिणीपर्यंत तो मोडलेला निदान आमच्या पाहण्यात नाही. युरोप म्हणजे पॅरिस. पॅरिस म्हणजे तो लोखंडी मनोरा. आणि मनोरा झाल्यावर, जेवणाच्या आधी जो दीड तास उरतो, त्यात लूव्र संग्रहालय.

दीड तास! लूव्रमध्ये मांडलेल्या वस्तू आहेत सुमारे ३५,०००. हिशेब करा. सेकंदाला सहाच्या वर वस्तू होतात. इतक्या झटपट तर आमच्याकडे गुंठा घेणारा माणूस सातबारासुद्धा बघत नाही, आणि तो किती कमी बघतो ते तलाठ्याला विचारा.

तरी बेत आखण्यात कसूर नसते. निघण्याआधी टूरवाल्याची उलटतपासणी होते. जेवण शाकाहारी आहे ना? आठवड्यातून एकदा तरी वरण-भात? बसमधून उतरल्यावर चालायचं किती? वहिनींचे गुडघे दुखतात, तिथे बसायला काही आहे का? एवढे प्रश्न विचारणारी मंडळी एक प्रश्न मात्र कधीच विचारत नाहीत : आत काय आहे? ते विचारायचं नसतं. आत मोनालिसा आहे.

*

लूव्रला जाणाऱ्यांसाठी दोन उपयोगी गोष्टी. पहिली, ते मंगळवारी बंद असतं. संकष्टी अंगारकी साधून निघालात तर दर्शन बाहेरच्या काचेच्या पिरॅमिडचंच होईल. दुसरी, जानेवारी २०२६पासून युरोपातल्या माणसाला २२ युरो आणि आपल्यासारख्या बाहेरच्याला ३२ युरो तिकीट. यावर चिडू नका. परदेशी पाहुण्याला चढा दर लावायची कल्पना आपल्या पुरातत्त्व खात्याने अजिंठा-वेरुळात कधीच राबवली आहे. फ्रेंचांनी ती उशिरा उचलली, इतकंच.

आता नियोजनाबद्दल. लूव्रची अलीकडची सर्वांत नियोजनबद्ध भेट १९ ऑक्टोबर २०२५ला झाली. रविवार होता. चौघांनी मिळून बेत आखला. काय बघायचं ते आधीच ठरवलं. सामान चढवायची शिडी बसवलेला ट्रक आणला, म्हणजे रांगेत उभं राहायला नको. एकाच दालनात गेले, राजघराण्याचे दागिने पाहिले, बाकीच्या ३५ हजार वस्तूंकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळं आठ मिनिटांच्या आत. जाताना दागिने घेऊन गेले, ही शेवटची पायरी सोडली तर मोठं संग्रहालय बघायची हीच खरी रीत आहे. एक दालन, चार वस्तू, आणि बाहेर. जो सगळं बघायला जातो तो पाय सुजवून येतो आणि घरी आल्यावर सांगतो, "भव्य आहे हो, एकदा बघायलाच पाहिजे." काय बघायला पाहिजे, ते मात्र सांगत नाही.

*

मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटिमीटर आहे. साडेचार चौरस फूटसुद्धा नाही. तिच्या बरोबर समोरच्या भिंतीवर लूव्रमधलं सर्वांत मोठं चित्र टांगलंय : व्हेरोनेझे या चित्रकाराचं 'काना गावचं लग्न'. जवळपास सात मीटर उंच, दहा मीटर रुंद. क्षेत्रफळ सव्वासातशे चौरस फूट, म्हणजे आमच्या हिंजवडीत टू बीएचके म्हणून सहज विकता येईल. चित्रात लग्नाची पंगत बसलीय. शंभरावर माणसं, वाजंत्री, वाढपी, कुत्री, मांजर, सगळा थाट. व्हेनिसच्या एका मठाच्या भोजनगृहासाठी १५६३मध्ये पुरं झालेलं हे चित्र १७९७मध्ये नेपोलियनच्या फौजेने काढून पॅरिसला आणलं.

आणि रोज हजारो माणसं या पंगतीकडे पाठ करून उभी असतात. मोबाईल डोक्यावर धरून, पुढच्याच्या मोबाईलमध्ये दिसणाऱ्या मोनालिसाचा फोटो काढत. लग्नाच्या पंगतीकडे पाठ फिरवणारा मुळशीकर आजवर कोणी पाहिलेला नाही. मांडवात आहेर नंतर, अक्षता नंतर, आधी 'कितवी पंगत चाललीय?' तो चमत्कार फक्त पॅरिसला घडतो.

चमत्कार म्हणजे, चित्रातही एक आहेच. बायबलातल्या गोष्टीप्रमाणे त्या लग्नात पाण्याचं मद्य झालं. मुळशीकराला यात फारसं नवल वाटायचं कारण नाही. आमच्याकडे पाण्याची वीज झाली, आणि त्यापायी पंगतच उठवली गेली.

*

२१ ऑगस्ट १९११ला मोनालिसा चोरीला गेली होती. त्यानंतर ती जिथे टांगलेली असायची ती रिकामी जागा बघायला लोकांनी रांगा लावल्या. हसू नका. शनिवार-रविवार मुळशीच्या तलावाकाठी गाड्यांवर गाड्या लागतात, ते लोक काय बघायला येतात? रिकामी जागाच. धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधी तिथे गावं होती, भातखाचरं होती, देवळं होती, पारावर बसणारी माणसं होती. आता 'लेक व्ह्यू' आहे आणि कणीस आहे.

हे आठवायचं कारण मुंबईचं संग्रहालय. पॅरिस परवडत नाही त्याने मुंबई गाठावी, असं सांगणार होतो. पण मुळशीकराला तिथे जायचं आणखी एक कारण आहे. तारखा शेजारी-शेजारी ठेवून बघा. १६ एप्रिल १९२१, रामनवमी : टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू. याच लढ्याने पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' केलं. १० जानेवारी १९२२ : मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, गव्हर्नरच्या पत्नी लेडी लॉइड यांच्या हस्ते खुलं. इकडे मावळे तुरुंगात जात होते, तिकडे मंडळी दालनं बघत होती.

त्या दालनांत टाटा बंधूंचा संग्रह आहे. धाकटे सर रतन टाटा १९१८मध्ये गेले, थोरले सर दोराबजी १९३२मध्ये. दोघांनी जमवलेली युरोपीय तैलचित्रं, चिनी-जपानी चिनीमातीची भांडी, जेडच्या वस्तू या संग्रहालयाला मिळाल्या. सुंदर आहेत, जरूर बघा. घरात ठेवता आलं असतं ते लोकांना दिलं, हे मोठंच काम. मुळशीच्या गावांनीही दिलंच होतं की. घरं दिली, शेतं दिली, देव दिले. पण मागून घेतलेल्याला दान म्हणत नाहीत, आणि न मागता घेतलेल्याला तर नाहीच नाही. १९२७पासून मुळशीचं पाणी खाली भिऱ्याला जाऊन वीज करू लागलं आणि ती वीज मुंबईला गेली. तेव्हा तैलचित्रावरचा दिवा बघून पौडचा माणूस क्षणभर थबकला, तर पहारेकऱ्याने त्याला 'पुढे चला' म्हणू नये. तो आपल्या गावाकडचं काहीतरी बघत असतो.

आमच्या शाळांच्या सहली मात्र तिथे थबकत नाहीत. राणीची बाग, तारांगण, म्युझियम, गेटवे आणि चौपाटी, असं सगळं एका दिवसात बसवलेलं असतं. म्युझियमच्या वाट्याला पाऊण तास. त्यात मास्तरांचा अर्धा वेळ पोरं मोजण्यात जातो. मग पोरांच्या लक्षात राहतात ती पेंढा भरलेली जनावरं. त्याच इमारतीत नाशिकच्या एका वाड्यातलं जुनं कोरीव लाकूडकाम बसवलंय, जॉर्ज विटेट या स्कॉटिश वास्तुकाराने. परक्या माणसाला वाड्याचं लाकूड जपावंसं वाटलं. आपल्याला त्याचं जळण करावंसं वाटलं. ज्याची त्याची नजर.

*

नजरेवरून आठवलं. पुण्यात एका चष्म्याच्या दुकानदाराने एकट्याच्या जिवावर एक संग्रहालय उभं केलं. दिनकर गंगाधर केळकर. जन्म १८९६चा, 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे. राजा नावाचा मुलगा बालवयात गेला, त्याच्या नावाने हे संग्रहालय. पुढे १९७५मध्ये सगळं सरकारला देऊन टाकलं. पौडहून पीएमपीची बस धरली तर शुक्रवार पेठेत अर्ध्या दिवसात जाऊन-येऊन होतं. ना व्हिसा, ना युरो. त्यामुळेच कोणी जात नाही.

आत काय आहे? अडकित्ते. दिवे, समया, दौती, फण्या, पाय घासायच्या वज्री, पानाचे डबे, वाद्यं, कोरीव दारं. शिवाय एक अख्खा मस्तानी महाल, जो कोथरूडला होता. आज पौड रस्त्याच्या दुतर्फा कोथरूडात महालांना तोटा नाही, पण खरा होता तो केळकरांनी उचलून नेला, म्हणून वाचला. नाहीतर त्या जागी 'मस्तानी हाइट्स' उभी राहून तिचंही आता पुनर्विकासाचं चाललं असतं.

भूगाव, पिरंगुट, माले, कुठलीही आजी या संग्रहालयात आणून सोडा. सुना-नातवंडं पाट्या वाचत बसतात. आजी पाटी वाचत नाही. ती काचेला नाक लावून थेट सांगते, "ही तर आमच्याकडं हुती. याच्यापरास मोठी."

"मग आता कुठंय?" नात विचारते.

"मोडीत घातली. स्टीलचं डबं घेतलं."

दीड वाक्यात अख्ख्या तालुक्याचा सांस्कृतिक इतिहास झाला. कुठल्याही मार्गदर्शकाला जमणार नाही.

जे मोडीत गेलं नाही, ते विकलं गेलं. आमच्या वाड्यांची दारं, चौकटी, जाती, उखळं, बैलगाडीची चाकं सगळी तालुक्यातच आहेत. फक्त रिसॉर्टमध्ये आहेत. दारावर काच बसवून त्याचं जेवणाचं टेबल केलंय. जात्यात झेंडू तरंगतात. चाकाला दिवे लावून ते छताला टांगलंय. बैल तेवढा अजून मिळालेला नाही, नाहीतर तोही स्वागतकक्षात बसवला असता. आपल्याच आजोबांचं दार बघायला आता सकाळच्या नाश्त्यासकट दर लागतो, आणि तो ३२ युरोंपेक्षा जास्त असू शकतो. लूव्र त्या मानाने स्वस्त पडलं.

*

तेव्हा बेत आखायचाच असेल तर उलट्या टोकाकडून आखावा. पहिला दिवस घरच्या माळ्यावर. बॅटरी आणि वही घेऊन जावं, आणि शक्य असेल तर आजीला खाली खुर्ची टाकून बसवावं. वर जे सापडेल ते दाखवायचं, ती सांगेल ते लिहायचं : हे काय, कशाला वापरायचे, कोणाच्या लग्नात आलं. दुसरा दिवस शुक्रवार पेठ. एकच दालन, फार तर दोन. समया बघायला गेलात तर समयाच बघा. तिसरा दिवस मुंबई, तोही सहलीच्या दिवसांतला नको. एवढं केल्यावर पॅरिसला खुशाल जा. मग त्या खोलीत उभं राहिल्यावर तुमचं तुम्हालाच मागे वळून बघावंसं वाटेल. भांडी ओळखता येणाऱ्याला पंगत वाचता येते : कोण वाढतंय, कोण चाखून बघतंय, कुठल्या टेबलावर कशाची कमतरता पडलीय.

आणि यातलं काहीच जमणार नसेल, तर घरी बसून वाट बघा. संग्रहालयच मुळशीला येणार आहे! केळकर संग्रहालयाकडे वस्तू सुमारे वीस हजार, आणि जागेअभावी मांडता येतात त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास. बाकीच्या पेट्यांत. म्हणून नवी प्रशस्त वास्तू बांधायची ठरली, आणि तिच्यासाठी जागा धरली आपल्या बावधन बुद्रुकला. हा बेत आम्ही वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात वाचतो आहोत. मध्यंतरी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं समुद्र ओलांडून जुलै २०२४मध्ये साताऱ्याला पोचली. शुक्रवार पेठेतल्या अडकित्त्यांना फक्त चांदणी चौक ओलांडायचा आहे. चौकातला जुना पूल पाडून झाला, नवे पूल बांधून झाले, ते पूल कुठून कुठे जातात ते पुणेकरांना कळूनही झालं. अडकित्ते अजून वाटेत.

त्यात एक घोळ झाला. जून २०२१मध्ये महापालिकेने हद्दीलगतची २३ गावं पोटात घेतली आणि त्यांत बावधन बुद्रुकही गेलं. म्हणजे संग्रहालय मुळशीत यायच्या तयारीत होतं, तेवढ्यात बावधनच पुण्यात निघून गेलं. इतका पक्का बेत आखून इतकी पक्की चुकामूक करायला जातिवंत मुळशीकरच हवा.