आकडेबुवा

आकडेबुवांना तुमचं नाव आठवत नाही, गाडीचा नंबर आठवतो. तोही जसाच्या तसा नाही. उलटा केलेला, फोडलेला, पिळून वाळत घातलेला. गल्लीतल्या पुढाऱ्याने ‘दादा’ असं वाचता यावं म्हणून जीपला हौसेने ४१४१ घेतला. बुवांनी तिथेच अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने लावले आणि मोठ्यातून लहान वजा केलं. ४४११ वजा ११४४, ३२६७. त्याचंही पुन्हा तेच. “५२६५, ३९९६, ६२६४, ४१७६... आणि ६१७४! दादा सहाव्या पायरीला गार!” ही स्तुती की धमकी, हे पुढाऱ्याला अजून उमगलेलं नाही. ११११ साठी आरटीओत घसघशीत पैसे मोजणाऱ्या बिल्डरकडे मात्र बुवा कीव करून पाहतात. चारही अंक सारखे, म्हणजे पहिल्याच वजाबाकीत शून्य. बाकी कुठलीही चार अंकी संख्या फार तर सात पायऱ्यांत ६१७४ वर येते आणि तिथून हलत नाही.

हा शोध देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर मास्तरांचा. तेच बुवांचं दैवत. इथल्या विद्वानांनी त्यांच्या कामाला पोरखेळ म्हणून हसून घेतलं. १९७५ साली मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर आपल्याला मास्तर दिसले. (आपली रीतच ती.) १, १२१, १२३२१ अशा संख्यांना मास्तरांनी ‘डेम्लो’ नाव दिलं, ते आजच्या डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून. बुवा डोंबिवलीकर. त्यामुळे लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धवट टेकतानाही त्यांचा थाट जहागीरदाराचा.

वाढदिवस हा त्यांचा खास प्रांत. साडूच्या सत्तरीला त्यांनी माइक घेऊन सांगितलं, “सात आणि शून्य सात, सातने सत्तरला भाग जातो, म्हणजे हर्षद संख्या!” टाळ्या पडल्या. तीच हौस पंच्याहत्तरीला नडली. “कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, ७५ येत नाही. ही स्वयंभू संख्या! हिला जनकच नाही!” साडूचे शहाण्णव वर्षांचे वडील पहिल्याच रांगेत बसले होते.

“माझा लकी नंबर कोणता हो?” असं विचारलं की बुवा भडकतात. एकच अंक उरेपर्यंत बेरीज करत राहणं म्हणजे नऊने भागून बाकी काढणं. त्यात लग्न कुठून दिसणार, हा त्यांचा सवाल. तो मला बिनतोड वाटतो.

तरीही गाडीत तावडीत सापडलात, तर त्यांना १९६ द्या. संख्या उलटी करून तिच्यातच मिळवायची, दोन्हीकडून सारखी वाचता येईपर्यंत. ८९ ला चोवीस पायऱ्या लागतात. १९६ साठी संगणकांनी कोट्यवधी अंकांपर्यंत मजल मारली, अजून जमलेलं नाही. बुवा पाकिटातून कागद काढतील. ठाणे आलं की उतरून घ्या.