तिखट कान, शाबूत डोळे : बिनतारी हेडफोनच्या निर्मात्यांस खुले पत्र

प्रति,
बिनतारी हेडफोनचे समस्त निर्माते, रचनाकार व जाहिरातदार

विषय : कमी दिसणाऱ्या आणि कमी ऐकू येणाऱ्या ग्राहकांनी आपला माल वापरण्याचा आगाऊपणा केल्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून प्रथम आपले अभिनंदन करणे क्रमप्राप्त ठरते, कारण डोळे शाबूत आणि कान तिखट असलेल्या मनुष्यास आणखी चांगले ऐकू यावे यासाठी आपण जितकी बुद्धी खर्ची घातली आहे, तितकी अन्य कोणत्याही निरोगी अवयवाच्या वाट्याला क्वचितच आली असेल. हे पत्र भिवंडीहून धाडण्यास कारण आहे. मुंबई-नाशिक महामार्गाच्या परिसरात मानकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर या गावांच्या शिवारात उभ्या राहिलेल्या गोदामांतून ऑनलाइन विकला जाणारा माल घरोघरी रवाना होतो, त्यात हेडफोनची खोकीही असतात. आणि तेथून हाकेच्या अंतरावर, नारपोली, शांतीनगर, पद्मानगर या वस्त्यांत यंत्रमाग चालतात. कान घालवणारा धंदा आणि कानात घालायची वस्तू पोचवणारा धंदा असे दोन्ही जेथे एकत्र नांदतात, त्या गावाइतका जाणकार तक्रारदार आपणास अन्यत्र मिळणे कठीण.

यंत्रमागावर धोटा, म्हणजे आडव्या धाग्याची कांडी पोटात घेऊन उभ्या धाग्यांच्या फटीतून ये-जा करणारा लाकडी तुकडा, मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो आणि प्रत्येक वेळी आदळतो. पत्र्याच्या शेडमध्ये असे अनेक माग शेजारीशेजारी चालले की आवाज सहज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात जातो. कारखान्यांच्या नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. मागावरची पाळी पुष्कळदा १२ तासांची असते, आणि डेसिबल या एककात १०ची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेत दहापट वाढ, हे गणित नियम करणाऱ्यांना ठाऊक असले तरी शेडपर्यंत पोचत नाही. अशा आवाजात वर्षे काढली की अंतःकर्णातील केशपेशी, म्हणजे ध्वनिकंपनांचे मज्जासंदेशांत रूपांतर करणाऱ्या सूक्ष्म पेशी, मरतात व पुन्हा निर्माण होत नाहीत. ऱ्हासाची सुरुवात बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास होते, आणि स, श, फ यांसारखी व्यंजने ओळखण्यासाठी लागणारे उंच ध्वनी हळूहळू हरपतात. कारागीर म्हणतो, ‘ऐकू येतं, पण समजत नाही’. घरचे म्हणतात, याचे लक्षच नसते.

अशा कानासाठी आपण आवाज वाढवण्याची सोय दिली आहे, हे औदार्य नोंदवून ठेवले पाहिजे. आवाज वाढवला की शाबूत राहिलेले खालचे ध्वनी अधिक कर्कश होतात आणि हरपलेले तसेच हरपलेले राहतात. गोंगाटनिवारण या आपल्या गाजलेल्या करामतीत बाहेरच्या ध्वनिलहरीच्या नेमकी उलट लहर निर्माण करून ती मारली जाते. ही युक्ती विमानाच्या सलग घरघरीवर उत्तम चालते, परंतु धोट्याच्या तुटक आदळआपटीवर फारशी चालत नाही. जबड्याजवळच्या हाडातून कंपने थेट अंतःकर्णात पोचवणारे अस्थिवाहक हेडफोन कानाचा पडदा किंवा मधला कान बिघडलेल्यांस खरोखर उपयोगी पडतात, पण ज्याचा अंतःकर्णच झिजला आहे त्याच्या बाबतीत ही आडवाट त्याच बंद दारापाशी संपते.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲपलच्या एअरपॉड्स प्रो या हेडफोनमधील सॉफ्टवेअरला श्रवणयंत्र म्हणून मान्यता दिली, ती सौम्य ते मध्यम, म्हणजे कंपनीच्याच व्याख्येनुसार २६ ते ६० डेसिबलपर्यंतच्या श्रवणऱ्हासासाठी. भारताच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘कमी ऐकू येणारी व्यक्ती’ ही व्याख्या दोन्ही कानांतील ६० डेसिबलच्या ऱ्हासापासून सुरू होते. यंत्राची हद्द जेथे संपते तेथे कायद्याची सुरू होते, त्यामुळे यंत्र ज्याच्या उपयोगाचे तो कायद्याला दिसत नाही आणि कायद्याला दिसतो तो यंत्राच्या आवाक्याबाहेर असतो. दोन खात्यांनी ठरवूनही इतकी चोख सीमारेषा आखली नसती.

अंध ग्राहकांचा आगाऊपणा याहून मोठा आहे, कारण त्यांना हेडफोन गाण्यांसाठी नव्हे तर काम करण्यासाठी हवा असतो. स्क्रीनवरील मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ अँड्रॉइडवरील टॉकबॅक किंवा संगणकावरील मोफत मिळणारे एनव्हीडीए, हेच त्यांचे वाचन. बिनतारी जोडणीत ध्वनी आधी आकुंचित होतो, मग प्रसारित होतो, मग पुन्हा उलगडतो, आणि या खटाटोपात साध्या हेडफोनवर सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो. गाणे ऐकणाऱ्यास तो कळतही नाही, पण प्रत्येक अक्षर टंकताना ते ऐकून पुढे जाणाऱ्यास बोट पुढे आणि आवाज मागे अशी ओढाताण सोसावी लागते. त्यातच वीज वाचवण्यासाठी अनेक हेडफोन शांतता होताच डुलकी घेतात आणि जागे होताना पहिले अक्षर गिळतात. बँकेच्या ॲपवरील ‘अयशस्वी’ मधला ‘अ’ असा गिळला गेला, तर ग्राहकाला मिळणारा आनंद आपल्या जाहिरातींत वर्णिलेल्या आनंदाहूनही निर्भेळ असतो.

हेडफोन ठेवण्याच्या डबीवरचा दिवा निळा झाला की जोडणी झाली आणि लाल झाला की चार्जिंग संपले, हे सांगणारी पुस्तिका मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली असते. डावा-उजवा ओळखण्याची अक्षरे त्याहून बारीक. दाबल्याचे बोटाला कळेल असे बटन काढून आपण गुळगुळीत स्पर्शपट्टी दिलीत, ज्यामुळे हेडफोन कानात नीट बसवू गेले की समोरच्याचा फोन कटतो. अपवाद आहेत, पण ते बहुधा महाग आहेत. बाहेरचा आवाज आत घेण्याची सोयही बऱ्याचदा महागड्या मालातच मिळते, आणि अंजूर फाट्यावर कंटेनरच्या गर्दीतून रस्ता ओलांडणाऱ्या अंध मनुष्याला तीच सर्वांत आधी लागते.

उपरोक्त अधिनियमाच्या कलम ४३ नुसार सर्वांना वापरता येतील अशा रचनेच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या विकासास, उत्पादनास व वितरणास चालना देण्याचे काम शासनाचे आहे. चालना देणे म्हणजे सक्ती करणे नव्हे, तेव्हा आपल्या झोपेत व्यत्यय येण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचे साडेतीन मिलिमीटरचे छिद्र काढण्यात आले तेव्हा व्यासपीठावरून त्याला धैर्य असे म्हटले गेले. तसल्या धैर्याची येथे अपेक्षा नाही. डाव्या बाजूस बोटाला लागेल असा एक उंचवटा, दाबले की दबणारे एक बटन, मराठीतून बोलली जाणारी सूचना आणि शांततेतही जोडणी जागी ठेवण्याचा पर्याय, एवढे पुरे आहे.

तोवर, स्क्रीन ऐकून काम करणाऱ्यांनी वायरीचाच हेडफोन घ्यावा, आणि नवा फोन घेताना साडेतीन मिलिमीटरचे छिद्र आहे ना, हे पैसे मोजण्यापूर्वी दुकानातच बोटाने चाचपून पाहावे.

कळावे.