विसार

बीड जिल्ह्यात कुठंही जा, एक तरी अण्णा भेटतीलच, ज्यांना सख्ख्या मेव्हण्याला पाचशे रुपये उसने देताना दोन साक्षीदार लागतात. नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून सौदे करण्यात यांची हयात गेलेली. बैलाचे दात बघणार, चार पावलं चालवून बघणार. विकायचा असला की गिऱ्हाइकाचीही तपासणी तशीच : "कोन्या गावचे पाव्हणं? कुणाच्यातले?" उत्तरात आजोबांपर्यंत नावं आल्याशिवाय दावं सुटत नाही.

हेच अण्णा बोअर आटल्यावर पाच एचपीची मोटार विकायला मोबाईलवर टाकतात. फोटोत मोटार कमी, गोठाच जास्त. तरी घटकाभरात फोन येतो : "जय हिंद सर, मैं आर्मी से बोल रहा हूँ." अण्णा बाजेवर सावरून बसतात. पलीकडचा फौजी बारा हजार ऐकून "ठीक है" म्हणतो. उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणी घासाघीस केली नाही. दात बघायचे ते खरं तर इथंच. पण तेवढ्यात वर्दीतला फोटो येतो, मागोमाग कॅन्टीनचं कार्ड, आधार कार्ड. अण्णा भारावतात. "आपल्या मेव्हण्यानं कधी आधार दाखवलंय का?" असं बायकोला विचारतातही. मेव्हणा तिचा सख्खा भाऊ, त्यामुळं त्या दिवशी चहा मिळत नाही.

मग विसाराची गोष्ट निघते. फौजी सांगतो, आमच्या खात्याची पद्धत वेगळी. तुम्ही पाच रुपये पाठवा, दहा येतील. पाठवतात, येतात. अण्णांचा विश्वास पाच रुपये नफ्यात पक्का होतो. पुढं क्यूआर कोड येतो : स्कॅन करा, पिन टाका, बारा हजार जमा. अण्णा चष्मा पुसून एकेक आकडा दाबतात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, तो द्यायलाच लागतो, ही सूचना बँकेच्या भिंतीवर लावलेली असते. अण्णा पेन्शनच्या रांगेत त्याच भिंतीला टेकून बसतात. बारा हजार जातात. "सर, उल्टा हो गया, एक बार और कीजिए." उलटं झालेलं सुलटं करायला अण्णा आणखी बारा हजार घालवतात.

बँकेत साहेब विचारतात, "पिन कोणी टाकला?"

"मीच टाकला. पण माझ्या मनानं नाही टाकला."

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला, तर पैसे पुढच्या खात्यात अडवायची आशा तरी असते. अण्णांनी आधी चार दिवस कुणाला कळू न देण्यात घालवलेले असतात. व्यक्तीनं व्यक्तीकडं यूपीआयवर परस्पर पैशांची मागणी पाठवायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली; क्यूआर कोड आणि अण्णा मात्र चालूच आहेत.

अण्णांचा मुलगा शिकलेला, म्हणून त्याची फसगतही शिकलेली. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे तो प्रत्येक पेटीवर छापतो आणि पुण्याला माल धाडतो. "पैसे टाकलेत, बघा" असा स्क्रीनशॉट आला की खातं न बघताच पेटी गाडीत चढते. ते एकदा अंगलट आलं, तेव्हा त्यानं कार्डानं पैसे घ्यायची लिंक काढली. गिऱ्हाइकानं फळं खाल्ली आणि आपल्या बँकेला कळवलं, हा व्यवहार मी केलाच नाही. बँकेनं पैसे मागं ओढले. बऱ्याच कार्डांवर अशी तक्रार चार महिन्यांपर्यंत करता येते, आणि माल पोचल्याची सही विक्रेत्याकडं नसली की संपलंच. सीताफळ तिसऱ्या दिवशी पिकतं, पैसे चार महिने कच्चेच. अण्णा पोराला म्हणाले, "तुला माणूसच ओळखता येत नाही."

मोटार अजून गोठ्यातच होती. परवा शेजारच्या गावचा एक जवान, सुट्टीवर आलेला, रोख बारा हजार घेऊन दारात उभा राहिला. फौजेत आहे म्हणताच अण्णांनी आतून कडी लावली.

"अण्णा, खरंच फौजेत हाय मी! तुमच्या साडूचा पुतण्या!"

"साडूचा?" आतून आवाज आला. "मग तर उधारीच मागशील."