शोभेच्या कोंबड्या, शोभेचे राजे

तंजावरच्या मराठी घरात बँटम, म्हणजे शोभेच्या ठेंगण्या कोंबड्या आणायच्या तर आधी बायकोला पटवणं आलं. नवरे हमखास अंड्यांचा हिशेब मांडतात आणि तिथेच फसतात. पाऊण किलोची कोंबडी, तिचं अंडं ते केवढं, तेही मर्जी झाली तर. ऑम्लेटचं गणित बायकोचं पक्कं असतं. मुद्दा उपयोगाचा नाहीच, परंपरेचा आहे. 1799च्या तहाने तंजावरचं मराठी राज्य ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं. दुसऱ्या सरफोजी राजांकडे उरला किल्ला, एक लाख होनांची नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. रिकामपणी त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालयात पोथ्या जमवल्या, 1803 साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास कोरवला. राजेच शोभेचे असलेल्या गावाने झुबकेदार पायांच्या कोंबडीला ‘तू काय कामाची?’ विचारणं शोभत नाही.

पोथ्या शिटत नाहीत, असं बायको म्हणेल. कबूल. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात खुराड्यातला ओला भुसा सारखा उपसावा लागतो, नाहीतर नाकात झिणझिण्या येतात. आरवण्यावर उपाय आहे: कोंबडा आणूच नये, अंडी त्याच्यावाचूनही मिळतात. जड जाते ती तिची पुढची शंका, हौस फिटल्यावर निस्तरणार कोण? राजघराण्यातही निस्तरणं बायकोच्याच वाट्याला आलं: 1855 साली सरफोजींचे पुत्र दुसरे शिवाजी पुत्राविना वारले, कंपनीने राज्यासकट खासगी मालमत्तेवरही हात टाकला आणि कोर्टाची पायरी चढावी लागली राणी कामाक्षीबाईंना. 1859 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, ही सरकारी कृती आमच्या कक्षेबाहेर, म्हणून हात झटकले. तेव्हा नवरोजी, भुसा कोण उपसणार ते कोंबड्यांआधी स्टॅम्पपेपरवर लिहून द्या.