बेशरम उपटायला आलेले पाहुणे

फुकट राबायचं असेल तर आधी पैसे भरावे लागतात, ही माहिती मला पुण्याच्या भाचीने दिली. कुठल्याशा बेटावर जायचं, कासवांची अंडी राखायची, तिथल्या शाळेची भिंत रंगवायची, पोरांना इंग्रजी शिकवायचं आणि उरलेल्या वेळात 'तिथली संस्कृती जगायची'. विमानाचं तिकीट आपलं, राहण्याखाण्याचा खर्च आपला आणि वर नोंदणी फी. मी मनातल्या मनात हिशेब मांडला. तेवढ्यात आमच्या नवेगाव बांधला आख्ख्या शेताची रोवणी निघते, बायकांची मजुरी आणि दोन वेळचा चहा धरून.

"पण मामा, अनुभव मिळतो ना!"

धानाच्या पऱ्ह्याची जुडी हातात धरून दिवसभर चिखलात वाकलं की कंबरेलाही बराच अनुभव मिळतो. त्याचं प्रमाणपत्र मात्र कोणी देत नाही.

तिच्या बेटाचं काही जमलं नाही. मग मीच बोलून गेलो, की सेवाच करायची असेल तर इकडे ये, मामा तलावात माजलेली बेशरमीची झुडपं काढायची आहेत. तिला वाटलं तलाव माझा. मी खुलासा केला, की मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी 1950-51 च्या सुमारास गेली, तलाव सरकारजमा झाले, नावापुढचं 'माजी' तेवढं आमदारासारखं कायम राहिलं. तिने ते कितपत ऐकलं कोण जाणे, पण मे महिन्यात ती दोघांना घेऊन दाखल झाली. एक पुण्यात शिकायला आलेली जर्मन मुलगी, दुसरा कोथरूडचा मुलगा. गावाच्या हिशेबाने दोघंही परदेशी. त्यातल्या त्यात मुलगी कमी, कारण ती मरळाचा रस्सा भाताशी कालवून मुकाट्याने जेवली. मुलाने आधी विचारलं, यात ग्लुटेन असतं का?

बाहेरून आलेल्यांचं आमच्या गावाला तसं नवल नाही. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात, कोणाला फी भरत नाहीत आणि थंडी सरली की न सांगता निघून जातात. सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे आले ते माधवराव पाटलांच्या मागे मागे रान हिंडत पाखरं शिकले, आणि 'नवेगावबांधचे दिवस' लिहून त्यांनी आमचं गाव अख्ख्या महाराष्ट्राच्या कपाटात नेऊन ठेवलं. गावात राहायला आलेल्याने आधी गावाकडून शिकावं, ही रीत त्यांनी पाळली. कोथरूडच्या मुलाने पहिल्याच संध्याकाळी ओट्यावर बसून आम्हाला जलसंधारणाबद्दल सांगितलं.

समोर कोलू पाटील कोहळीचा तलाव होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या माणसाने डोंगरांमधल्या खिंडी बांध घालून बुजवल्या आणि पाणी अडवलं. भोवतीच्या सात टेकड्यांना आम्ही सात बहिणी म्हणतो. बांधाच्या कामाला त्या बहिणींनी हात लावला, असं म्हातारी माणसं सांगतात. कोलू पाटलाचा पुढे कोलासूर देव झाला. तीनशे वर्षं पाणी धरून ठेवलं तर आमच्याकडे माणसाला देवपण मिळतं, मुलाला एवढंच सांगायचं माझ्या ओठावर होतं. पण तो 'गाळ' या विषयावर पोचला होता.

मोठ्या तलावाला हात लावायचा तर वनखात्याची परवानगी, म्हणून काम शेजारच्या लहान तलावावर निघालं. हे काम आमच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात काही नवं नाही. निमगावच्या शालू कोल्हे आणि त्यांच्यासोबतच्या ढिवर बायका, पतिराम तुमसरे, मनीष राजनकर ही मंडळी कितीतरी वर्षं तलावांच्या मागे लागली. पाणी आटलं की बेशरम मुळासकट काढायची, पाऊस पडला की तळ नांगरायचा, त्यात पाणवनस्पती लावायच्या, म्हणजे गावठी मासळीला अंडी घालायला आणि लपायला जागा होते. मासळी म्हणजे ढिवरांचं पोट, तेव्हा त्यांना यात कोणी 'प्रेरित' करावं लागत नाही.

बायका पहाटेच पाण्यात उतरल्या, कारण मेमध्ये पारा 45 ला टेकतो आणि दहानंतर उघड्यावर फक्त म्हशी राहतात, त्याही डुंबत. आमचे पाहुणे साडेआठला उठले. मग क्रीम लागलं, टोप्या आल्या, गॉगल आला, मोज्यांवर चर्चा झाली. तलावावर पोचले तेव्हा बायका फडक्यातली भाकर सोडत होत्या.

मुलाने मात्र जोर दाखवला, नाही म्हणायचं कारण नाही. विळा घेऊन त्याने सपासप बेशरम कापली, हातभर लांबीचे तुकडे केले आणि काठावरच्या ओल्या चिखलात नीट रांगेत टाकले. फोटोही घेतला, आधीचा आणि नंतरचा. एक ढिवर मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती. बेशरमीचा तुकडा ओलीला टेकला की त्याला मुळं फुटतात, हे तिच्या नातवालाही ठाऊक.

"काहून जी," ती मला म्हणाली, "हा भाऊ काढून राह्यला का लावून राह्यला?"

मी भाषांतर टाळलं. जर्मन मुलीला मावशीच्या चेहऱ्यावरून काय कळायचं ते कळलं. तिने गुपचूप तुकडे गोळा करून दूर उन्हात नेऊन टाकले आणि मग मावशीच्या शेजारी उभी राहून, पाय रोवून, हाताने खोड हलवत मुळासकट ओढायला शिकली. पहिलं झाड निघालं तेव्हा ती त्याच्यासकट चिखलात बसली. बायका इतक्या हसल्या की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

दुपारी पंख्याखाली पडल्या पडल्या भाची म्हणाली, की ही परदेशी जाऊन सेवा करायची कल्पना किती आधुनिक आहे. इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. 1920 मध्ये पिएर सेरेसोल नावाच्या स्विस माणसाने पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या व्हर्दनजवळच्या एका फ्रेंच गावात छावणी टाकली. कालचे शत्रू एकत्र येऊन गाव बांधतील, असा सुंदर विचार होता. गावकऱ्यांना मात्र जर्मन माणसं नको होती, आणि काही महिन्यांत छावणी गुंडाळावी लागली. सेरेसोल खचले नाहीत. 1934 च्या बिहारच्या भूकंपानंतर पन्नाशी उलटलेला हा गृहस्थ फावडं घेऊन बिहारात आला. त्यांच्याच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल'ची मंडळी पुढे बाबा आमट्यांच्या आनंदवनात राबून गेली, आणि आसपासचे लोक ज्या कुष्ठरोग्यांच्या वाऱ्याला उभे राहत नव्हते, त्यांच्यात परदेशी पोरं राहून जेवतात हे बघून जरा वरमले.

जर्मन मुलीने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आमच्याबद्दल तुमच्या गावाचं काय मत आहे?"

मत काय असणार! बायको पहाटे चारला उठत होती. एकाला दुधाचा चहा, एकीला बिनदुधाचा, भाचीला लिंबू-गरम पाणी. कूलरमध्ये पाणी भरायचं, मच्छरदाण्या बांधायच्या, 'कमी तिखट' म्हणून वेगळी भाजी. शेजारच्या तीन घरांतून उशा आणलेल्या. मुलाला ऊन लागलं तेव्हा कैरीचं पन्हं, कांद्याचा रस आणि रात्रभर कपाळावर ओली पट्टी. समाजसेवा चालू होती, यात शंका नाही.

सुट्टीच्या दिवशी त्यांना गोठणगावला नेलं. तिथली नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत 1972 पासूनची. मुलाला लडाखला जायचं होतं, ते राहून गेलं होतं. इथे मठ, प्रार्थनेचे झेंडे आणि वाफाळते मोमो एकदम बघून तो हरखला. आता खरी दुसरी संस्कृती भेटली म्हणून त्याने एका तिबेटी आजीपुढे हात जोडले, मान झुकवली आणि फोनमध्ये बघून तिबेटी भाषेत काहीतरी म्हटलं. आजीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला विचारलं, "कोनाकडचे पाहुने जी? उन्हाचे काहून हिंडवून राह्यले पोट्ट्यायले?"

निघण्याच्या दिवशी भाचीने फोनवर एक फॉर्म काढला. कुठल्याशा संस्थेकडून प्रमाणपत्र मिळवायचं होतं, त्यासाठी यजमानाने तो भरायचा. 'प्रकल्पावर रोज किती तास काम झाले?' बायकोने भांडी पुसता पुसता सांगितलं, "सोळा." भाची म्हणाली, "मामी, आमचे तास विचारलेत." "ते नंतर सांगते, आधी माझे लिही." 'कामाचे स्वरूप' या रकान्यात स्वयंपाक, धुणं, शुश्रूषा एवढं मावलं. 'प्रशिक्षण कोणी दिले' तिथे जर्मन मुलीने ढिवर मावशीचं नाव विचारून घेऊन लिहिलं. शेवटी 'सूचना' असा रकाना होता. बायकोने त्यासाठी फोन स्वतःच्या हातात घेतला, चष्मा लावला आणि एका बोटाने टाईप केलं: 'मे महिन्यात पाठवू नये. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला पाठवावे. तेव्हा घरात तीस पाहुणे असतात, रात्रभर नाटक असते आणि भांड्यांना माणूस मिळत नाही. मुलगी चालेल. मुलाचे बघून सांगते.'