निळ्या रेनकोटवाल्या गृहस्थांस

प्रति,
निळा रेनकोट घातलेले गृहस्थ
(नाव-गाव ठाऊक नाही. शेवटचे दर्शन : कास पठार, जिल्हा सातारा, सप्टेंबरातला दुसरा शनिवार, सकाळी साडेसात ते नऊ.)

विषय : आमच्या खासगी छायाचित्रांत आपण विनापरवाना, विनाशुल्क व विनासंकोच उपस्थित राहिल्याबाबत.

महोदय,

सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण गेले तीन आठवडे मी आपल्याला रोज पाहतो आहे. आमच्या ४० फोटोंपैकी ३१ फोटोंत आपण आहात. मी स्वतः २९ फोटोंतच आहे. उरलेल्या ११ फोटोंत आमची ही एकटी आहे. म्हणजे माझ्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाच्या अल्बमात माझ्यापेक्षा आपली हजेरी दोनाने जास्त भरते. वर्गशिक्षकाने असा पट पाहिला असता तर नवरदेव म्हणून आपल्यालाच उभं केलं असतं.

तक्रारीआधी थोडी पार्श्वभूमी देतो. (पार्श्वभूमी हा शब्द आपल्या बाबतीत जपूनच वापरायला हवा.) आमची मुलगी टोरांटोला असते. तिचं म्हणणं, "बाबा, तुम्हां दोघांचा एकत्र असा एकही धड फोटो नाही." ते खरंच आहे. आमच्या सहलींच्या फोटोंत एक जण दिसतो आणि दुसऱ्याचा अंगठा. तेव्हा तिने तिकडून परस्पर आमच्यासाठी 'प्रायव्हेट व्हेकेशन शूट' बुक केलं. दीड तास, दोन पोशाख, ४० निवडक फोटो, एक रील. किती पैसे पडले विचारलं तर डॉलरमध्ये आकडा सांगून तिने मला गप्प केलं. नमुना म्हणून तिने पाठवलेला फोटो सँटोरिनी बेटावरच्या ओइया गावचा होता. निळे घुमट, खाली समुद्र, मधोमध एक बाई आणि तिच्या लाल झग्याचं दहा हात लांब शेपूट वाऱ्यावर. आसपास चिटपाखरू नाही. त्या गावात सूर्यास्ताला पाय ठेवायला जागा नसते हे मला माहीत आहे. पण फोटोत ती बाई अशी उभी होती की बेट तिच्या वडिलांनी आंदण दिलं असावं.

"कासवर प्रायव्हेट म्हणजे नेमकं काय गं?" मी विचारलं. मी सदाशिव पेठेत वाड्यात वाढलो. नळ सामाईक, संडास सामाईक, भांडणंही सामाईक. खासगी म्हणजे काय ते मला लग्नानंतरही बरीच वर्षं समजलं नव्हतं. त्यात कासवर हंगामात रोज ३,००० माणसांनाच सोडायचं असं ठरलेलं आहे, आणि हा 'च' गर्दी आवरण्यासाठी आहे, हे ध्यानात घ्या. माणशी शे-दीडशे रुपये भरून आधी बुकिंग करायचं, गाडी खाली लावायची आणि बसने वर जायचं. त्या ३,००० मध्ये आम्ही दोघं खासगी. मुलगी म्हणाली, "फोटोग्राफर सांभाळून घेतो."

सांभाळून कसं घेतात हे मला त्या दिवशी कळलं. आपल्याही कामी येईल म्हणून सांगतो. फोटोग्राफर पोरगा साताऱ्याचाच, कामाला चोख. त्याने पिशवीतून हातभर लांबीची लेन्स काढली. म्हणाला, "काका, वाइड लावली की अख्खा सातारा येतो. लांबची लावली की गर्दी कटते." मग तो जांभ्या दगडावर पालथा पडला आणि कॅमेरा फुलांच्या उंचीला आणला. आता कासची फुलं आपण पाहिलीच आहेत. बोटभर देठ आणि नखाएवढं फूल. जांभ्याच्या कातळावर जेमतेम इंच-दोन इंच माती, तिच्यात याहून मोठं काय उगवणार? पण पालथं पडून, लांब लेन्सने, अगदी लगतची फुलं धूसर करून टिपली की तीच फुलं कमरेएवढी आणि गालिच्यासारखी दाट दिसतात. मागच्या माणसांच्या पोटऱ्या त्यांत बुडून जातात. दर वर्षी शेकडो लोक असला फोटो बघून कासला येतात आणि पायाशी बघून विचारतात, "फुलं कुठायत?" त्या फसवणुकीच्या कारखान्यात त्या दिवशी मीही दीड तास पाळी केली.

पोटऱ्या बुडाल्या, सेल्फीच्या काठ्या बुडाल्या, सोलापूरहून आलेली एक शाळेची सहल बुडाली. आपण बुडाला नाहीत. कारण आपला रेनकोट. गुलाबी तेरडा, पांढरे गेंद, पिवळी सोनकी, त्यावर धुकं, आणि त्यात आपण घराच्या पत्र्यावर घालतात त्या ताडपत्रीच्या निळ्या रंगात उभे. पाऊसही नव्हता हो! सात वाजता चार थेंब पडले असतील. सगळ्यांनी रेनकोट काढले, आपण काढला नाहीत.

आता पुराव्याकडे येतो.

फोटो क्रमांक ४. पोरगा म्हणाला, "काका, काकूंच्या कानात काहीतरी गोड बोला. नॅचरल पाहिजे." तीस वर्षांनी आयत्या वेळी गोड कुठून आणणार? मी विचारलं, "गाडीची किल्ली तुझ्या पर्समध्ये आहे ना?" तिने दचकून तोंडावर हात ठेवला. त्या क्षणाला पोराने 'कँडिड' म्हणून पाच तारे दिले. आमच्या दोन डोक्यांच्या मधोमध आपण, वाकून जमिनीकडे बघताय. जणू किल्ली आपणच शोधताय.

फोटो क्रमांक ९. हिची पैठणी. दुसरा पोशाख माझाही होता, पण तो बदलायला खाली पार्किंगपर्यंत जावं लागलं असतं. म्हणून मी नुसतं जॅकेट काढलं आणि त्यालाच दुसरा पोशाख म्हणायचं ठरलं. मागे आपण, त्याच रेनकोटात. एकाच पोशाखात ३१ फोटो देण्याचा आत्मविश्वास माझ्यात नाही.

फोटो क्रमांक १२ मध्ये आम्ही दोघं दचकून उजवीकडे बघतोय. ती शिट्टी होती. पोराने "काकू, फक्त दोन मिनिटं" म्हणून हिला तेरड्यात बसवलं होतं, आणि वन समितीचा गावातला एक माणूस धावत आला. "ताई, उठा. बसलात तिथं पुढच्या साली काय येत नाय." बरोबरच होतं त्याचं. इथं पूर्वी जाळीचं कुंपणही होतं. पण गुरांचं चरणं थांबल्याने फुलांवरच परिणाम होतो असं म्हणत ते काढलं. म्हणजे गुरं चालतात, पैठणी चालत नाही. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आपण तेव्हा पायवाटेवर, दोरीच्या अलीकडे, नियमात उभे होतात. आपल्यावर शिट्टी वाजली नाही, याची नोंद मी नाइलाजाने घेतो आहे.

जाता जाता : जपानमध्ये फुजीकावागुचिको गावात एका दुकानामागे फुजी पर्वत ऐटीत दिसतो. तिथं फोटोवाल्यांनी रस्ता अडवला, कचरा केला. शेवटी २०२४ साली गावाने २० मीटर लांब, अडीच मीटर उंच काळा पडदाच बांधून टाकला. लोकांनी काय केलं? पडद्याला भोकं पाडली. बातमी वाचून मी तेव्हा मोठ्याने हसलो होतो. तेरड्यातून उठताना हिच्या पैठणीच्या काठाला चिखल लागला, तेव्हा हसू आलं नाही.

तसा फोटोवाल्यांच्या गर्दीचा हा मान कासलाच का, हाही प्रश्न आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशात घेतली. महाराष्ट्रातली त्यांत चार : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पैठणी नेसून चांदोलीला कोणी जात नाही. जंगलात गवा असतो, आणि गवा पोज देत नाही. फुलं पळून जात नाहीत हाच त्यांचा गुन्हा.

आणि आता फोटो क्रमांक १७. खरं तर पत्र यासाठीच.

यात आम्ही दोघं पुढे, हातात हात, कॅमेऱ्याकडे बघत. मागे आपण गुडघ्यावर बसला आहात. शेजारी एक वृद्ध बाई. हिरवं लुगडं, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. आपल्या आई असाव्यात, नाक तेच आहे. आपला डावा हात त्यांच्या कोपराखाली. उजव्या हाताने आपण गवताची एक पात बाजूला धरली आहे, आणि आई शाळेत असतं तसलं काळ्या दांड्याचं भिंग घेऊन इतक्या वाकल्या आहेत की पदर मातीला टेकलाय. मी फोटो मोठा करकरून पाहिला. भिंगाखाली जांभळं काहीतरी आहे. माझा चुलतभाऊ कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. तो म्हणाला, "रंगावरून सीतेची आसवं दिसतायत. दिसायला गरीब, पण मातीखाली बारीक फुगे असतात त्याला. किडे पकडतं ते. कातळावरच्या मातीत खायला काय मिळणार? मग मांसाहार!" मग त्याने अर्धा तास दवबिंदू नावाच्या वनस्पतीवर आणि पाऊण तास सात वर्षांनी फुलणाऱ्या टोपली कारवीवर घेतला. निवृत्त प्राध्यापकाला प्रश्न विचारणं ही माझीच चूक.

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला होता. "फोटो येतील तेव्हा येतील, फुलं कशी होती ते सांगा ना!" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी ही म्हणाली, "जांभळी होती." मी म्हणालो, "काही पिवळी." पुढे आम्हांला काही सुचेना. कारण फुलांसोबत फोटो काढायचा तर फुलांकडे पाठ करूनच उभं राहावं लागतं. पहाटे तीनला पुण्याहून निघून, यवतेश्वरचा घाट धुक्यात चढून, आम्ही दीड तास एका लेन्सकडे बघून परत आलो. बरोबर नऊला पोराने कॅमेरा मिटला. सव्वानऊला त्याचं दुसरं जोडपं होतं. फोटो क्रमांक ३८ मध्ये, अगदी कडेला, आपण आणि आई राजमार्गाने कुमुदिनी तळ्याकडे निघालेले दिसता. आईंचा एक एक पाय जपून. आम्ही तेव्हा बसच्या रांगेकडे वळलो होतो.

असो. तक्रार नोंदवल्यावर पोराने लगेच उपाय सांगितला. "काका, निळेवाले काढून टाकतो. हल्ली एका मिनिटाचं काम आहे." आणि १७ नंबर दुरुस्त करून पाठवला. महोदय, आपण खरोखरच नाहीसे झालात. आपल्या जागी संगणकाने फुलं भरली : पाच पाकळ्यांची, गुलाबी, जास्वंदीएवढी. चुलतभावाने चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाला, "हे कासवर काय, पृथ्वीवर कुठं उगवत नाही." पण खरी गंमत पुढेच. आई तशाच होत्या. पुसायला सांगितलं होतं निळ्याला, हिरव्याला नाही. त्या भिंग घेऊन वाकलेल्या, एका बाजूला पार कललेल्या, आणि कोपराखाली हवेत तरंगणारी चार बोटं निळी बाही.

हिने फोन माझ्या हातात परत दिला. "अहो, त्याला सांगा, त्यांना आधी परत आणा. म्हातारी पडेल."

तेव्हा मूळ फोटोच मोठा करून आणला. दिवाणखान्यात टीव्हीच्या वर लावलाय. येणारा प्रत्येक जण विचारतो, हे मागचे कोण. ही बिनदिक्कत सांगते, "माझा मामेभाऊ आणि आमच्या मामी. त्यांना फुलांची फार आवड." पण पुढचा प्रश्न येतो, "काय बघतायत एवढं?" तिथं तिची गाडी अडते. चुलतभाऊ सीतेची आसवं म्हणतो. पण तो नुसता फोटो बघून सांगतो; आपण मात्र प्रत्यक्ष पाहिलंय. तरी आपण किंवा मामींनी त्या फुलाचं नाव खात्रीने कळवावं, एवढीच विनंती. बाकी सर्व तक्रारी मी या पत्राद्वारे मागे घेत आहे.

मामींना साष्टांग नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपला,
फोटो क्रमांक १७ मधला पुढचा माणूस

ता. क. : रेनकोटाची उजव्या काखेतली शिवण उसवली आहे, फोटो क्रमांक २६ मध्ये स्पष्ट दिसते. पुढच्या पावसाळ्याआधी शिवून घ्यावी.